सदतीस भोकांची चकती

आमच्या स्वयंपाकघरात ॲल्युमिनियमची एक गोल चकती कित्येक वर्षे पडून होती. रुंदीला वीतभरापेक्षा थोडी अधिक, आणि तिला आरपार भोके. आम्ही तिचा उपयोग चुलीवरून उतरवलेली गरम पातेली ठेवण्यासाठी करीत असू. लहानपणी मी ती भोके मोजली होती. मधोमध एक, त्याभोवती सहा, त्याभोवती बारा आणि सर्वांत बाहेर अठरा, अशी एकूण सदतीस. प्रत्येक भोकाभोवती षट्‌कोनी उंचवटा होता. ही वस्तू मुळात कशासाठी बनवली असेल, हा प्रश्न मात्र मला कधीच पडला नाही. भौतिकी शिकवणाऱ्या माणसाने हे कबूल करणे लाजिरवाणे आहे, पण ते खरे आहे.

ती चकती माझ्या मोठ्या काकांनी आणली होती. ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात अभियंता होते. हा कारखाना उभारण्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झाला आणि तेथील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. पुढे भिलाईतील अनेक भारतीय अभियंते प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात गेले. काका १९७४ साली गेले, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. उरल पर्वताच्या परिसरातील एका पोलादनगरीत त्यांनी एक हिवाळा काढला. सोबत काम करणाऱ्या एका रशियन अभियंत्याची आई त्यांना दर रविवारी जेवायला बोलवी. त्या घरी त्यांनी पहिल्यांदा पेल्मेनी खाल्ली.

गेल्या वर्षी काकू गेल्या. त्यानंतर काका आमच्याकडे राहायला आले. प्रकृती तशी ठीक, पण त्यांची भूक हरपली. ताटात वाढलेले निम्मे तसेच राहू लागले. काय करू, असे विचारले की ते म्हणत, "काही नको." एके दिवशी माझ्या मुलीने (ती नववीत आहे) त्यांना विचारले, "आजोबा, तुम्ही आजवर खाल्लेला सर्वांत छान पदार्थ कोणता?" काका बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "पेल्मेनी. पण ती इथे कोण करणार?"

मी ती करायचे ठरवले. त्यात मी एकदा सपशेल नापास झालो आणि दुसऱ्यांदा पास झालो. या दोन प्रयत्नांच्या मध्ये जे शिकलो, ते विद्यार्थी मित्रांना सांगावे म्हणून हा लेख.

कानाच्या आकाराची भाकरी

पेल्मेनी म्हणजे कणकेच्या पातळ पारीत कच्च्या खिम्याचे सारण भरून, मिठाच्या उकळत्या पाण्यात शिजवलेले लहान लहान घास. एकाला 'पेल्मेन' म्हणतात आणि अनेकांना 'पेल्मेनी'. हा शब्द मूळचा रशियन नाही. उरल पर्वताच्या पश्चिमेस कोमी आणि उदमुर्त हे लोक राहतात. त्यांच्या भाषांत 'पेल' म्हणजे कान आणि 'न्यान' म्हणजे भाकरी. हाताने केलेल्या पेल्मेनचा आकार खरोखरच कानासारखा असतो. लहान गोल पारीवर सारण ठेवून तिची करंजीसारखी घडी घालायची आणि मग दोन्ही टोके मागे वळवून एकमेकांना चिकटवायची. यातील 'न्यान' हा शब्द फार पूर्वी इराणी भाषांतून तिकडे गेला, असे भाषातज्ज्ञ मानतात. म्हणजे आपल्याकडच्या हॉटेलांत मिळणारा 'नान' आणि उरलमधील हा 'न्यान' हे एकमेकांचे लांबचे भाऊ होत. चीनमधील च्याओत्झ, तिबेट-नेपाळकडील मोमो आणि मध्य आशियातील मांती हे पदार्थही याच घराण्यातले आहेत.

उरल आणि सायबेरियातील घरांत पेल्मेनी एकट्याने करीत नाहीत. हिवाळा चांगला पडला की सारे घर टेबलाभोवती बसते. एकजण पारी लाटतो, दुसरा सारण भरतो, मुले कडा दाबतात. एका बैठकीत शेकडो पेल्मेनी होतात. ती पिठाने माखलेल्या फळ्यांवर मांडून बाहेर ओसरीत ठेवतात. तेथे जानेवारीत पारा उणे २० किंवा उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरणे ही नवलाची गोष्ट नाही. काही वेळातच पेल्मेनी खड्यांसारखी कडक होतात. मग ती पोत्यात भरायची आणि लागतील तशी काढून शिजवायची. काका जेथे जात ते घर चौथ्या मजल्यावर होते. तेथे ओसरी नव्हती, म्हणून आजीबाई पेल्मेनींची पिशवी खिडकीबाहेर टांगून ठेवीत.

पहिला प्रयत्न

मी ५०० ग्रॅम मैदा, एक अंडे, मीठ आणि थंड पाणी घालून घट्ट कणीक मळली. सारणासाठी मटणाचा खिमा, किसलेला कांदा, मीठ आणि मिरपूड घेतली. (रशियात गाईचे, डुकराचे व मेंढीचे मांस घरोघरच्या पद्धतीप्रमाणे एकत्र करतात. शाकाहारी वाचकांनी उकडलेला बटाटा किंवा अळिंबी घ्यावी. पुढे सांगितलेले बहुतेक नियम त्यांनाही लागू पडतात.) आकाराचा प्रश्न आला तेव्हा मी विचारच केला नाही. हात सवयीने चालले आणि उकडीच्या मोदकाएवढी पेल्मेनी तयार झाली. तशी तीस झाली. लहानशा पातेल्यात पाणी उकळून मी ती सगळी एकदम सोडली आणि लवकर शिजावीत म्हणून आच मोठी केली.

पाणी एकदम गप्प झाले. बऱ्याच वेळाने उकळी आली, तोपर्यंत निम्मी पेल्मेनी एकमेकांना आणि तळाला चिकटली होती. उकळी जोरात येताच अनेक फुटली आणि पाणी पिठूळ झाले. काही वर तरंगू लागली, तेव्हा ती शिजली असे समजून मी काढली. काकांच्या ताटात वाढण्यापूर्वी एक मधोमध कापून पाहिले, हे सुदैव. आतला खिमा अजून गुलाबी होता.

ही गोष्ट केवळ चवीची नव्हती. मांसाच्या सलग तुकड्यावरचे जिवाणू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, पण खिमा करताना ते आतबाहेर सर्वत्र मिसळले जातात. म्हणून खिम्याचा अगदी मध्यबिंदूसुद्धा ७० अंशांच्या वर जावा लागतो. सत्तरी ओलांडलेल्या, अंगातली ताकद कमी झालेल्या माणसाला अर्धकच्चा खिमा वाढणे धोक्याचे होते. मी सारे सारण बाजूला काढले आणि ते वेगळे परतले. काकांनी पारीचे तुकडे दह्याबरोबर खाल्ले. ते म्हणाले, "चव बरीचशी तीच आहे रे. पण ती एवढीशी असायची." आणि त्यांनी अंगठ्याचे पेर दाखवले. मग इकडेतिकडे पाहत ते म्हणाले, "ती चकती कुठे आहे?"

गरम पातेल्याखालची ती चकती मी धुऊन त्यांच्यासमोर ठेवली. त्या आजीबाईंनी निरोपाच्या दिवशी ती त्यांना दिली होती. काकूंनी एकदोनदा वापरली, पण पुढे भोकांचा अर्थ घरात कोणाला उरला नाही. रशियन भाषेत तिला 'पेल्मेनित्सा' म्हणतात. तिच्यावर पातळ पारी पसरायची, प्रत्येक भोकावर चिमूटभर सारण ठेवायचे, वर दुसरी पारी घालायची आणि लाटणे फिरवायचे. भोकांभोवतीचे उंचवटे पारी कापतात आणि कडाही जोडतात. चकती उलटी केली की सदतीस पेल्मेनी खाली पडतात. एक भोक मी पट्टीने मोजले, ते अडीच सेंटिमीटरपेक्षा थोडे मोठे भरले. माझ्या पहिल्या प्रयत्नाचे बरेचसे गणित त्या भोकातच चुकले होते.

जाडी दुप्पट, वेळ चौपट

पेल्मेन लहान का असावे? उकळत्या पाण्यातली उष्णता पेल्मेनच्या पृष्ठभागापर्यंत चटकन पोचते, पण तेथून मध्यापर्यंत ती वहनानेच जाऊ शकते, आणि मांस हे उष्णतेचे मंद वाहक आहे. आता २ सेंटिमीटर आणि ४ सेंटिमीटर व्यासाचे दोन गोळे घ्या. मोठ्या गोळ्याचे घनफळ आठपट आहे, पण पृष्ठफळ चौपटच आहे. म्हणजे पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून दुप्पट द्रव्य तापवण्यापुरती उष्णता आत गेली पाहिजे. शिवाय तिला अंतरही दुप्पट कापायचे आहे. पृष्ठभाग व मध्य यांच्या तापमानांतील फरक तोच, पण तो दुप्पट अंतरावर पसरलेला, म्हणून उष्णता वाहण्याचा वेग निम्मा. काम दुप्पट आणि वेग निम्मा. तेव्हा वेळ चौपट.

हाच वर्गाचा नियम होय. लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मांसाचे उष्णतेसंबंधीचे गुणधर्म घेऊन मी हिशेब केला. २५ अंशांवरचा २ सेंटिमीटर व्यासाचा गोळा उकळत्या पाण्यात टाकला, तर त्याचा मध्य ७५ अंशांवर यायला सव्वादोन मिनिटांच्या आसपास लागतात. ४ सेंटिमीटरच्या गोळ्याला नऊ मिनिटांहून अधिक लागतात. दरम्यान दोन मिलिमीटर जाडीच्या पारीला नऊ मिनिटांची गरज नसते. पिठातील स्टार्च ६० ते ७० अंशांच्या सुमारास फुगून घट्ट होतो, म्हणजे पारी लवकर शिजते आणि मग नुसती पाणी पीत राहून लिबलिबीत होते. मोठ्या पेल्मेनात पारी आणि सारण यांच्या वेळा जुळतच नाहीत. लहान पेल्मेनात त्या जुळतात. पेराएवढा आकार हा हौसेचा किंवा नाजूकपणाचा भाग नाही. पारी लिबलिबीत होण्याआधी सारण शिजले पाहिजे, या अटीचे ते उत्तर आहे.

आच मोठी करून हा वेळ वाचत नाही, हे विशेष लक्षात ठेवा. पाणी उकळू लागले की त्याचे तापमान १०० अंशांच्या आसपास स्थिर राहते. जास्तीची उष्णता केवळ अधिक वाफ करते. त्या खळबळीने पेल्मेनी एकमेकांवर आपटून फुटतात, पण शिजत मात्र लवकर नाहीत. मिठाचीही अशीच गोष्ट आहे. मीठ घातल्याने पाणी बरेच अधिक तापते, असा समज आहे. तीन लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ घातले, तर उत्कलनबिंदू एक-पंचमांश अंशानेसुद्धा वाढत नाही. मीठ घालायचे ते चवीसाठी.

पोळ्याची भूमिती

चकतीवरील भोके चौकोनी ओळींत का नाहीत? आपण पारीतून वाटीने गोल चकत्या कापतो, तेव्हा मधले तुकडे वाया जातात. वर्तुळे चौकोनी ओळींत मांडली, तर पारीचा ७८.५ टक्के भाग वापरला जातो. प्रत्येक वर्तुळाला सहा शेजारी मिळतील अशी मांडली, तर ९०.७ टक्के वापरला जातो. समान वर्तुळांची यापेक्षा दाट मांडणी सपाट पृष्ठावर शक्यच नाही. १, ६, १२, १८ ही भोकांची संख्या याच मांडणीतून येते. भोकांभोवतीचे उंचवटे षट्‌कोनी असल्यामुळे उरलेला भागही शेजारच्या पेल्मेनींच्या कडांत जातो आणि वाया जवळजवळ काही जात नाही. मधमाशीच्या पोळ्याची आठवण होते ती उगाच नव्हे.

उरलेली कणीक पुन्हा लाटता येत नाही का? येते, पण प्रत्येक वेळी ती अधिक चिवट होते. गव्हाच्या पिठात पाणी मिसळून मळले की त्यातील प्रथिनांचे ग्लुटेन नावाचे जाळे तयार होते. मळल्याने व लाटल्याने हे जाळे ताणले जाते आणि पारी रबरासारखी आखडते. म्हणून मळलेली कणीक ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावी. तेवढ्यात जाळ्यातील ताण सैलावतो आणि पारी पातळ लाटता येते. पहिल्या वेळी मी हा अर्धा तासही दिला नव्हता.

फुटणे आणि तरंगणे

पेल्मेन फुटते कशाने? आत अडकलेल्या हवेने. चार्ल्सच्या नियमाप्रमाणे २७ अंशांवरील हवा ९० अंशांपर्यंत तापली, तर तिचे घनफळ सव्वापटीच्या आसपासच होईल. पण आत ओले सारण आहे, त्यामुळे हवेत पाण्याची वाफही मिसळत जाते. ९० अंशांवर वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ७० टक्के असतो. बाहेरच्या दाबाशी समतोल राखायचा, तर हवेने स्वतः उरलेले ३० टक्केच पेलायचे असतात, म्हणून ती पसरते. दोन्ही परिणाम मिळून बुडबुडा मूळच्या पावणेचार पट होतो. ८० अंशांपर्यंत तो जेमतेम दुप्पट झालेला असतो. शेवटच्या दहा अंशांतच तो झपाट्याने वाढतो. यासाठी सारण भरताना हवा बाहेर दाबून काढावी आणि कडा कोरड्या पिठाने माखू देऊ नयेत. करंजीला मुरड घालताना आपल्या आज्या-आया याच गोष्टी सांभाळतात.

मात्र थोडी हवा आत राहतेच आणि तिच्यामुळेच पेल्मेन तरंगते. १० ग्रॅम वजनाचे पेल्मेन घ्या. त्याच्या द्रव्याची घनता १.१ धरली, तर घनफळ ९.१ मिलिलिटर होते. उकळत्या पाण्याची घनता सुमारे ०.९६ असते. त्यात तरंगायचे, तर आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे पेल्मेनचे घनफळ १०.४ मिलिलिटर व्हायला हवे. कमी पडणारे १.३ मिलिलिटर भरून काढते ती फुगलेली हवा. सुरुवातीला अवघी ०.३५ मिलिलिटर हवा असली, तरी ९० अंशांना ती पावणेचार पट होऊन तेवढी जागा भरते. पेल्मेनी ताटात आल्यावर त्यांना सुरकुत्या पडतात, कारण गार होताना वाफेचे पुन्हा पाणी होते.

आता माझी तिसरी चूक तुमच्या लक्षात आली असेल. पेल्मेन वर आले याचा अर्थ आतला बुडबुडा तापला, एवढाच. सारणाचा मध्य शिजला, असा त्याचा अर्थ नाही. बुडबुडा साहजिकच पारीला लागून, म्हणजे गरम बाजूला असतो. म्हणून रशियन घरांत पेल्मेनी वर आल्यानंतर आणखी काही मिनिटे मंद आचेवर ठेवतात.

थंडीची कोठी

पेल्मेनी आधी गोठवतात का? साठवणीसाठी, हे एक कारण. पुरेशा थंडीत जिवाणूंची वाढ थांबते. ते मरत नाहीत, हे मात्र ध्यानात असावे. दुसरे कारण असे, की कच्चे पेल्मेन तसेच ठेवले तर सारणातील पाणी पारीत झिरपते, पारी चिकट होते आणि शिजताना फाटते. गोठवल्याने हे पाणी जागच्या जागी अडकते.

पण गोठणे भरभर झाले पाहिजे. पाण्याचे बर्फ होताना त्याचे घनफळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. सावकाश गोठताना मोजके पण मोठे स्फटिक वाढतात आणि मांसाचे तंतू फाडतात. मग शिजताना रस वाहून जातो. भरभर गोठताना असंख्य बारीक स्फटिक होतात आणि रस आत टिकतो. येथेही वर्गाचा नियम कामी येतो. पेल्मेन लहान म्हणून ते लवकर गोठते. मांस शून्याच्या किंचित खाली गोठू लागते. घरातील शीतकपाटाचा बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांवर असतो, तर उरलमधील कडाक्याची रात्र उणे ३० वर. उष्णता ओढून घेणारा तापमानातील फरक तेथे सुमारे १.७ पट असतो, आणि वर वारा मदतीला. आजीबाईंची खिडकीबाहेरची पिशवी माझ्या शीतकपाटापेक्षा सरस होती. मी एवढेच केले, की पेल्मेनी एकमेकांना न लागतील अशी ॲल्युमिनियमच्या ताटात मांडली. धातूच्या ताटातून उष्णता चटकन निघून जाते. कडक झाल्यावर ती पिशवीत भरली.

वीज जाऊन ती वितळली, तर मात्र पुन्हा गोठवू नयेत, शिजवून टाकावीत.

मोठे पातेले, मंद आच

गोठलेली पेल्मेनी न वितळवता सरळ उकळत्या पाण्यात सोडतात. वितळवली तर वर सांगितलेला चिकटपणा परत येतो. मात्र बर्फ वितळताना सुप्त उष्णता लागते, ग्रॅममागे सुमारे ३३४ जूल. पेल्मेनींत निम्म्याच्या आसपास पाणी असते. ५०० ग्रॅम पेल्मेनी उणे १८ पासून शून्य अंशांपर्यंत आणून वितळवायला सुमारे १०० किलोजूल लागतात आणि तेथून १०० अंशांपर्यंत न्यायला आणखी १५० किलोजूल. ही उष्णता प्रथम पातेल्यातील पाण्याकडूनच घेतली जाते. चुलीकडून मिळणारी उष्णता तूर्त बाजूला ठेवून हिशेब केला, तर एक लिटर पाणी आणि पेल्मेनी मिळून ५६ अंशांवर येतात. तीन लिटर पाणी असेल, तर ८२ अंशांवर.

कोणी म्हणेल, अधिक पाण्याला पुन्हा उकळी यायला अधिक वेळ लागेल. तसे होत नाही. पेल्मेनींनी घेतलेली उष्णता दोन्हीकडे जवळपास तेवढीच असते, म्हणून चुलीला ती भरून काढायला वेळही जवळपास तेवढाच लागतो. फरक मधल्या काळाचा आहे. ५६ अंशांच्या पाण्यात पारीतला स्टार्च घट्ट होऊ शकत नाही, तो सुटून पाण्यात मिसळतो आणि पेल्मेनी चिकटतात. ८२ अंशांना पारीची वरची बाजू लगेच घट्ट होते. माझ्या लहान पातेल्यातील पेल्मेनी गोठलेली नव्हती, पण ती तीस मोठी पेल्मेनी दीड लिटर पाण्याला पुरून उरली होती.

दुसरा प्रयत्न

पुढच्या शनिवारी सगळे घर टेबलाभोवती बसले. काकांनी लाटणे हाती घेतले. पारी किती पातळ हवी, हे त्यांच्या हातांना पन्नास वर्षांनंतरही ठाऊक होते. "खालचा पोळपाट दिसला पाहिजे, पण पारी फाटता कामा नये," ते म्हणाले. सारणात त्यांनी चार-पाच चमचे थंड पाणी घालायला लावले. ते शिजताना रस होऊन पारीत राहते. चकती चार वेळा भरली, म्हणजे एकशे अठ्ठेचाळीस पेल्मेनी. रात्रभर ती गोठवली.

रविवारी दुपारी तीन लिटर पाण्याला उकळी आणली, मीठ आणि एक तमालपत्र घातले आणि पन्नास पेल्मेनी सोडली. तळाला लागू नयेत म्हणून लाकडी डावाने एकदाच हलवली. ती वर आल्यावर आच कमी करून आणखी पाच-सहा मिनिटे थांबलो. मग एक काढून कापले. आत कोठेही गुलाबी छटा नव्हती आणि रस टिकून होता. (तापमान पाहायचे असल्यास खाद्यपदार्थांसाठीचाच तापमापक वापरावा. प्रयोगशाळेतील पाऱ्याचा तापमापक स्वयंपाकघरात कधीही आणू नये. तो फुटला तर पारा विषारी ठरतो.)

रशियात पेल्मेनींवर लोणी, 'स्मेताना' नावाची आंबट साय, मिरपूड किंवा थोडा व्हिनेगर घेतात. आम्ही चक्क्यात साय घोटून घेतली. त्या आजीबाई शेकडो पेल्मेनींत एकाच्या आत नुसते मिरीचे दाणे भरीत. ज्याच्या ताटात ते येई तो भाग्यवान. ही गोष्ट काकांनी शनिवारी लाटता लाटता सांगितली होती. माझ्या मुलीने ती ऐकून गुपचूप तसे एक भरले होते, हे आम्हाला माहीत नव्हते. ते कोणाच्या ताटात जाईल, हे तिलाही माहीत नव्हते. ते माझ्या ताटात आले. मी ठसकलो, पाणी प्यालो, आणि काका कितीतरी महिन्यांनी मोठ्याने हसले. त्या दुपारी त्यांनी चौदा पेल्मेनी खाल्ली. मी मोजत होतो, हे त्यांना कळू दिले नाही.

तुम्ही करून पाहा

वर्गाचा नियम माझ्या शब्दावर विसंबून मान्य करू नका. एका मोठ्या बटाट्याचे ४ सेंटिमीटर बाजूचे तीन सारखे घन कापा. घरातील मोठ्या माणसाला सोबत घेऊन ते उकळत्या पाण्यात सोडा. एक घन २ मिनिटांनी, दुसरा ४ मिनिटांनी आणि तिसरा ८ मिनिटांनी झाऱ्याने काढून लगेच गार पाण्यात बुडवा. मधोमध कापा. बाहेरून आत शिजत गेलेला पट्टा आणि आतला कच्चा भाग यांतील सीमा डोळ्यांना दिसते. पट्ट्याची जाडी पट्टीने मोजून वहीत लिहा. ८ मिनिटांच्या घनातील पट्टा २ मिनिटांच्या घनातील पट्ट्याच्या चौपट भरतो की दुप्पट? वेळेच्या वर्गमुळासमोर जाडीचा आलेख काढा आणि तो सरळ रेषेत येतो का, ते पाहा. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात केल्यास प्रत्येक गटाला वेगळी वेळ द्यावी, म्हणजे आलेखाला भरपूर बिंदू मिळतील.

राहिलेली पेल्मेनी आम्ही पुढच्या दोन रविवारी संपवली. ती चकती आता गरम पातेल्यांखाली ठेवत नाही. काकांनी ती खिळ्याला टांगली आहे, आणि शनिवार आला की ते स्वतःच ती काढून धुतात.